‘आणि’नंतरचं पान

४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. आई बरी आहे, मी बरा आहे आणि तूही बरी असशील असं धरून चालतो, कारण तुझ्या मागच्या पाकिटात नुसती प्रुफं होती, चिठ्ठी नव्हती. आईचा विश्वास बसेना. "एवढे कागद पाठवलेत, त्यात कुठे खोकला थांबला का ते लिहिलं असेल, नीट बघ." मी सगळी पानं उलटून दाखवली तेव्हा कुठे तिने चष्मा काढून ठेवला.

सोबत ‘समग्र कविते’ची शेवटची प्रुफं आणि तुझी प्रस्तावना आहे. तू फोनवर बोलू म्हणतेस, पण फोनवर माझं दुसरंच वाक्य अडतं, म्हणून लिहितो. प्रस्तावनेत एकोणीस चुका निघाल्या. बारा माझ्या, सात तुझ्या. तुझ्या सात मी पेन्सिलीने केल्या आहेत, म्हणजे नको असतील तर खोडता येतील.

छपाई पंचवीस तारखेला लावली आहे. सोळा पानांच्या प्रत्येक फर्म्यावर तुझी सही लागेल. संपादकाची सही नसेल तर मशीनवर कागद चढत नाही, हा आपल्या प्रेसचा नियम अण्णांच्या वेळेपासूनचा, तुला माहीतच आहे.

आमच्याकडे नवा मशीनमन आला आहे. वयाने माझ्या दुप्पट, पण मला ‘मास्तर’ म्हणतो, कारण मी त्याच्या हजेरीच्या वहीतल्या वेलांट्या दुरुस्त केल्या. परवा त्याने विचारलं, "मास्तर, हा कवी एवढा कोण लागून गेला, की त्याला सातशे पानं?" मी तुझ्या प्रस्तावनेतलं जमेल तसं सांगितलं. पहिली दोन पुस्तकं कुणी फारशी वाचली नाहीत. तिसरं छापून होण्याआधीच तो वारला. त्या तिसऱ्यातली शेवटची कविता तेवढी लोकांच्या लक्षात राहिली. एक माणूस कामावरून घरी येतो, जिन्याच्या पायऱ्या मोजत चढतो, दाराशी पोचतो. मग मी त्याला शेवटच्या तीन ओळी वाचून दाखवल्या.

जिना संपतो. पायांना ते कळत नाही.
दारावर माझंच नाव, दुसऱ्याच्या अक्षरात.
मी हात वर करतो आणि

"आणि?" तो म्हणाला.

"आणि काही नाही. तिथेच संपते. माणूस दाराशी आला, पण दार वाजलंच नाही. आपली नवी कविता तिथून सुरू झाली, असं ताईने लिहिलंय."

"म्हणजे बिचारा चौतीस वर्षं हात वर करून उभाय? खांदा भरून आला असेल की हो."

हसू नकोस. मलाही आधी हसू आलं होतं, नंतर नाही आलं. गेल्या सहा महिन्यांत आमच्याकडे नव्या मुलांची चार कवितांची पुस्तकं आली. चारही पुस्तकांत कुठे ना कुठे कविता मध्येच तुटते. कुणी ‘पण’वर थांबतो, कुणी ‘म्हणून’वर. तू लिहिलं आहेस तसंच आहे, त्या एका अर्धवट वाक्याने दोन पिढ्यांना कसं थांबायचं ते शिकवलं. मशीनमन प्रत्येक वेळी विचारतो, "मास्तर, याचंही पान पडलं का कुठे?" मला हा विनोद आवडत नाही.

एक शंका आहे. प्रस्तावनेच्या सतराव्या पानावर तुझं वाक्य आहे, "हे दार कवीने जाणूनबुजून बंद ठेवले." त्यातल्या ‘जाणूनबुजून’खाली मी रेघ मारून समासात प्रश्नचिन्ह केलं आहे. शब्द बरोबर लिहिला आहेस. तरी एकदा पाहून घे.

तुझा,
धाकटा


११ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. तुझी प्रुफं मिळाली. माझ्या प्रश्नचिन्हावर तू लाल शाईने लिहिलं आहेस, "तुझं काम ह्रस्व-दीर्घ बघायचं. अर्थ माझ्यावर सोड." हे मशीनमननेही वाचलं, कारण तो कुणाचेही कागद वाचतो. म्हणाला, "सख्खी बहीण आहे ना? मग ठीक आहे."

तुझं बरोबर आहे. मी नववीत शाळा सोडली. अर्थ हे माझं खातं नाही. बाकीच्या सगळ्या फर्म्यांवर तुझ्या सह्या आहेत, त्या मी मोजल्या. दोनच राहिले आहेत, तुझ्या सतराव्या पानाचा आणि शेवटच्या कवितेचा. ते मी पुन्हा पाठवत आहे, आणि का पाठवत आहे ते आता लिहायला हवं. हे पत्र मी तीनदा फाडलं. हे चौथं.

अण्णांची पेटी मी माळ्यावरून काढली. अक्षरांचे खिळे जुळवायची त्यांची स्टिक, चिमटा, तो काचेला तडा गेलेला चष्मा, सगळं जागच्या जागी आहे. आई म्हणते, भंगारात घाल. मी तेलाने पुसून परत ठेवलं. लोखंड चांगलं आहे.

तू लहान असताना प्रेसमध्ये यायचीस, तेव्हा खिळ्यांच्या लाकडी केसी पाहिल्या असशील. प्रत्येक अक्षराचा एक खण. ‘अ’च्या रांगेतल्या एका केसीच्या तळाला चीर गेली होती, तिच्यातून बारके खिळे खाली गळायचे. सुतार यायला आठवडा लागला असता म्हणून अण्णांनी चिरेवर एक कागद घडी करून घातला. सगळेच जुळारी असं करायचे. टेबलावरचा कोरा कागद उचलला आणि घातला.

तो कोरा नव्हता, ताई. कवी कागदाच्या एकाच बाजूला लिहायचा. पान पालथं पडलं होतं.

कवी तेव्हा दवाखान्यात होता आणि आठ दिवसांत गेला. प्रूफ बघायला कुणी उरलं नव्हतं. अण्णांच्या हातात जेवढी पानं होती तेवढी त्यांनी जुळवली. शेवटच्या ओळीला पूर्णविराम नाही हे त्यांनी पाहिलं होतं, पण कवीने आधीच्या पुस्तकातही पूर्णविरामांची हेळसांड केली होती, म्हणून त्यांनी हात लावला नाही. कवीच्या मजकुराला हात लावायचा नाही, हे त्यांना पहिल्या दिवशीच शिकवलं होतं. पुस्तक निघालं. वर्षभरात कुणीतरी त्या ‘आणि’वर लेख लिहिला, मग दुसऱ्याने त्या लेखावर लिहिला, मग ती कविता पाठ्यपुस्तकात गेली.

अकरा वर्षांनी प्रेसमध्ये कॉम्प्युटर आले आणि केसी विकायला काढल्या. रिकामी करताना अण्णांना तो कागद सापडला.

ते पान माझ्याकडे आहे. कवीच्याच अक्षरात. आधीच्या पानाच्या फोटोशी मी अक्षरन् अक्षर ताडून पाहिलं आहे, ‘ण’ची गाठ तीच, शिरोरेषा तशीच उजवीकडे चढलेली. वर कोपऱ्यात पानाचा पुढचा आकडा आहे. नऊ ओळी आहेत.

त्या नऊ ओळींत काय आहे ते आज लिहीत नाही. तू आधी नीट बस.

तू त्या मोठ्या वाङ्मयेतिहासाच्या खंडाचं लिहिलं होतंस. अकरा वर्षं कॉलेजात तात्पुरती म्हणून शिकवल्यावर पहिल्यांदा एवढ्या मोठ्या कामावर संपादक म्हणून तुझं नाव येणार आहे, आणि त्यातलं कवीचं प्रकरण म्हणजे हीच प्रस्तावना वाढवून. हे सगळं मला माहीत आहे. म्हणूनच तीनदा फाडलं.

आईला यातलं काही बोललो नाही. तिने तुला विचारायला सांगितलं आहे, की खोकला?

तुझा,
धाकटा


१९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझे फोन आले. बारा. मी फोन पाहत बसलो, उचलला नाही. तुझा निरोपही वाचला, "कसलं पान? कुणाला दाखवलंस? आधी मला सांगायचं सुचलं नाही?" पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं सोपी आहेत. पान कसलं ते मागच्या पत्रातच आहे. कुणाला दाखवलं नाही. मालकांना नाही, आईला नाही, मशीनमनला तर नाहीच.

तिसऱ्याचं उत्तर असं, की सुचलं होतं. दोन वर्षांपूर्वीच सुचलं होतं.

अण्णांना दिसेनासं झालं तेव्हा त्यांनी मला पेटी उघडायला सांगितली आणि पान वाचायला लावलं. मी वाचलं. म्हणाले, "परत एकदा. सावकाश." मग म्हणाले, "मी त्या माणसाला दाराबाहेर ठेवलं रे." मला वाटलं आजारपणात बरळतात. त्यांनी सगळं सांगितलं. कवी गेल्यावर त्याची बहीण प्रेसवर आली होती. "भाऊचं आणखी काही राहिलंय का?" असं तिने विचारलं, आणि अण्णांनी चारही टेबलं शोधून नाही म्हणून सांगितलं. ते खोटं बोलले नव्हते. पण पान सापडलं तेव्हा ती या जगात नव्हती.

मी विचारलं, मग सापडल्यावर का नाही सांगितलंत? तेव्हा ते हसले. तुला आठवतं का, ते वर्ष तुझं आठवीचं होतं. ती कविता तुला शाळेत होती. बाईंनी सगळ्या वर्गाला सांगितलं, की या मुलीच्या वडिलांनी ही कविता स्वतःच्या हातांनी जुळवली आहे, आणि वर्गाने मागे वळून तुझ्याकडे पाहिलं. घरी येऊन तू दाराशी उभी राहिलीस, हात वर केलास आणि आत यायलाच तयार होईनास. आई ओरडली, "नाटक पुरे, दूध निवतंय." मी तीन वर्षांचा होतो, मला आठवत नाही, पण अण्णांनी ते मला इतकं बारकाईने सांगितलं की आता आठवतं. त्यांना त्याच दिवशी दुपारी पान सापडलं होतं, ताई. खिशात होतं. ते दाखवायला म्हणूनच लवकर घरी आले होते.

तू म्हणालीस, मी मोठी झाल्यावर हेच शिकणार. त्यांनी पान पेटीत ठेवलं.

आता माझं. अण्णा गेल्यावर तुला सांगणं माझं काम होतं. तू दहा दिवस घरी होतीस, रोज संध्याकाळी बोलायचं ठरवायचो. मग तुझं संपादनाचं ठरलं, प्रेस आमचीच ठरली, आणि तुझी प्रस्तावना मीच टाइप केली. सतरावं पान टाइप करताना मला माहीत होतं. पुढची सात पानंही माहीत असतानाच केली. तुझ्या करिअरची काळजी होती म्हणून गप्प बसलो, असं मी पहिल्या फाडलेल्या पत्रात लिहिलं होतं. फाडलं, कारण ते पूर्ण खरं नव्हतं. खरं असं आहे, की तुला माहीत नसलेलं काहीतरी एकदा तरी माझ्याकडे होतं. ते मला सोडवेना. तू ‘अर्थ माझ्यावर सोड’ लिहिलंस तेव्हा मला राग यायला हवा होता. मला आतून बरं वाटलं. याची मला लाज वाटते.

रविवारी मी तुझ्याकडे आलो होतो.

पहाटेच्या गाडीने निघालो, पान दोन पुठ्ठ्यांमध्ये, पुठ्ठे पिशवीत, पिशवी पोटाशी. तुझी इमारत सापडली. जिना चढलो. दाराशी आलो तर आतून तुझा आवाज येत होता. तू फोनवर कुणाला तरी प्रस्तावना वाचून दाखवत होतीस. "कवीने जाणूनबुजून" इथे तू थांबलीस. मग तो शब्द गाळून पुढे वाचलंस.

मी दार वाजवायला हात वर केला होता. तुझा आवाज ऐकत तसाच राहिलो. किती वेळ ते सांगता येणार नाही. शेजारच्या बाई कचरा ठेवायला बाहेर आल्या, माझ्याकडे पाहिलं, माझ्या हाताकडे पाहिलं आणि विचारलं, "मीटर बघायला आलात का?"

मी हो म्हणालो.

मग बघावंच लागलं. त्या उभ्याच राहिल्या होत्या. तुझं मीटर ४१८०६. तळहातावर लिहून घेतलं, त्यांचंही लिहिलं, कारण त्या म्हणाल्या मागच्या महिन्यात आमचं चुकलंय. मग खाली उतरलो आणि परत आलो. गाडीत बसल्यावर पहिल्यांदा लक्षात आलं की मी कुठल्या कवितेत उभा होतो. मशीनमनचं म्हणणं खरं आहे, खांदा भरून येतो.

आता त्या नऊ ओळी.

दार आधीच उघडं असतं.
आतून कुणी म्हणतं, चपला बाहेर काढ,
फरशी ओली आहे.
मी पाय पुसतो. वर केलेला हात
कुठे ठेवावा ते सुचत नाही,
म्हणून शर्ट काढून खुंटीला लावतो.
ती म्हणते, आज पायऱ्या मोजल्यास ना?
किती निघाल्या? मी आकडा सांगतो.
ती हसते. कालच्यापेक्षा एक कमी.

यावर लिहिण्याची माझी लायकी नाही. तरी एवढंच. आधीची कविता मला पाठ होती. ही मला कळली. सगळे म्हणतात तो एकटा होता, तूही लिहिलं आहेस, "माणसाचे दार माणसालाच बंद झाल्याची पहिली नोंद." ही ‘ती’ कोण ते त्याने लिहिलेलं नाही. मला वाटतं ती त्याची बहीण असावी. रोज जिना मोजणाऱ्या माणसाची इतकी साधी थट्टा दुसरं कुणी करणार नाही.

हे छापलं तर त्याची इतिहासातली जागा जाईल का? मला माहीत नाही. त्या ‘आणि’वर थांबायला शिकलेली मुलं खोटी ठरतील का? तेही माहीत नाही. परवा त्यातला एक मुलगा आला होता, बारीकसा, स्वतःचं प्रूफ वाचताना ओठ हलवणारा. त्याची कविता चांगली आहे. ती ज्या पानावरून निघाली ते पान अपुरं होतं म्हणून ती वाईट होत नाही, असं मला वाटलं. पण हे मला वाटून काय उपयोग? हे तुझं काम आहे. तू मला वर्गात न बसवताही इतकं शिकवलंस, म्हणून एवढं तरी लिहिता आलं.

सोबत तीन गोष्टी पाठवत आहे.

शेवटच्या कवितेचं प्रूफ, आत्तापर्यंत छापलं जातं तसं. खाली सहीची जागा.

त्याच कवितेचं प्रूफ, नऊ ओळींसह. त्याच्याही खाली सहीची जागा. पुढची पानं एकाने सरकतील, ते मी बघून घेईन. अण्णांचं नाव द्यायचं की नाही, पान कसं हरवलं ते सांगायचं की नाही, हे तू ठरव. माझ्या मते द्यावं. जुळाऱ्याचं नाव पुस्तकात येत नाही. त्यांचं या चुकीमुळे आलं तर त्यांना चालेल, मी त्यांना ओळखतो.

आणि तिसरं, ते पान. पुठ्ठ्यांमध्ये आहे, सावकाश उघड. घडीवर फाटायला आलं आहे आणि उजव्या कडेला खिळ्यांचा काळा डाग आहे.

मी त्याची प्रत काढलेली नाही. मी दुधाच्या पावतीचीही प्रत काढतो हे तुला माहीत आहे. प्रेसमध्ये तीन मशीनं आहेत, तिन्हींच्या समोर मी हे पान घेऊन उभा राहिलो आणि परत आलो. प्रत माझ्याकडे राहिली असती तर तुला विचारण्याला अर्थ उरला नसता. ओळी मला पाठ आहेत, पण नववी नापास माणसाच्या पाठांतराला कुणी पुरावा म्हणत नाही. तेव्हा हे एवढंच आहे, आणि आता तुझ्याकडे आहे. पेटीत ठेवायचं असेल तर पेटीही पाठवतो. अण्णांनी एकवीस वर्षं ठेवलं, मी दोन. आम्हा दोघांना फाडता आलं नाही आणि दाखवताही आलं नाही.

पंचवीसला मशीन सुरू होईल. ज्यावर सही असेल ते छापीन, आणि ह्रस्व-दीर्घाशिवाय काही विचारणार नाही. पण सही पाकिटातून पाठवू नकोस. घेऊन ये. आई म्हणते, खोकल्याचं पत्रातून काही समजत नाही, प्रत्यक्ष ऐकल्याशिवाय. आपलं दार हल्ली लागत नाही, चौकट फुगली आहे, नुसतं लोटलेलं असतं.

एक राहिलं. तुझा जिना मी चढताना मोजला, बहात्तर पायऱ्या. उतरतानाही मोजला, एकाहत्तर भरल्या. माझी मोजणी सहसा चुकत नाही. एकदा तू मोज आणि आल्यावर सांग.

तुझ्या दारापर्यंत येऊन गेलेला,
धाकटा